गळाची काठी बांधताना गाईडच्या पायापाशी दोऱ्यात फट का पडते?

"दादा, दोरा तर गच्च ओढायलो, तरी तिथंच फट पडायली. काहून?"

माजलगावकडच्या एका पोराचा हा प्रश्न, सोबत फोनवर काढलेले फोटो. काळं कार्बनचं ब्लँक, म्हणजे काठीचा नुसता दांडा, त्यावर लाल दोरा, वेढे एकाला एक छान लागलेले. गाईडचा, म्हणजे तंगूस (गळाची दोरी) ओवायच्या रिंगचा, चपटा पाय जिथून सुरू होतो तिथे मात्र स्टीलची चकाकणारी बारीक रेघ. उकललं, पुन्हा बांधलं, परत तीच रेघ आणि तीच जागा. काठ्या स्वतः बांधणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे भोगावं लागतं, आणि प्रत्येकाचा पहिला उपाय एकच असतो: ताण वाढवायचा. त्याने फट जात नाही, वर ब्लँकला धोका होतो तो वेगळाच.

माझं म्हणणं सरळ आहे. फट पुन्हा पुन्हा एकाच जागी पडत असेल तर हाताला आणि दोऱ्याला दोष देऊ नका, लोखंडाकडे बघा.

आधी फट नीट बघून घ्या

उकलायची घाई नको. काठी खिडकीपाशी नेऊन आडव्या उजेडात फिरवा. फट पायाच्या टोकापाशी असेल तर पाय घासलेला नाही. ठरावीक वेढ्यांनंतर ठरावीक अंतराने येत असेल तर दोऱ्याचं रीळ कुठेतरी अडकतंय. कुठेही, कशाही असतील तर दोरा येण्याचा कोन चुकतोय. शेवटच्या सात-आठ वेढ्यांत असेल तर दोऱ्याचं टोक आत घ्यायचा फासा ओढताना घोळ झालाय. आणि बांधताना सगळं साफ होतं, इपॉक्सी (दोऱ्यावर वरून द्यायचा, दोन भाग कालवून केलेला लेप) लावल्यावर काहीतरी दिसायला लागलं, तर ते प्रकरणच वेगळं, त्यावर शेवटी येतो.

पाय घासणे: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

गाईडची चौकट स्टेनलेसच्या पत्र्यातून साच्याने कापून काढतात. कापलेल्या पायाचं टोक बोथट राहतं, आणि त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. आपला ए नंबरचा, म्हणजे बारीक, दोरा साधारण ०.१५ मिमी जाड. म्हणजे दोऱ्यासमोर त्याच्या तिप्पट उंचीची पायरी उभी आहे. तिथे पोचलेला वेढा एक तर पायरीच्या तळाशी थांबतो आणि पुढचा त्याच्या डोक्यावर बसतो, नाहीतर उडी मारून वर जातो आणि मागे फट सोडतो. ताण जितका जास्त, तितका वर चढलेला वेढा कडेवरून घसरायला बघतो. म्हणून गच्च ओढणाऱ्याला फट जास्त दिसते.

उपाय म्हणजे पायरीचा उतार करणे. बारीक दाताची चपटी कानस घ्या. सोनारकामाची छोटी कानस मिळाली तर उत्तम, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातली चालते. पक्कडीच्या जबड्यात चिंधी ठेवून गाईड पायाला धरा. चौकटीला किंवा रिंगला धरू नका. रिंगच्या आत सिरॅमिकची कडी बसवलेली असते, ती दाबली गेली किंवा खाली पडली की तडकते, आणि तडकलेली कडी तंगूस कापते. मोठा मासा लागल्यावर ते कळून काही उपयोग नसतो.

कानस फक्त वरच्या बाजूने, रिंगकडून टोकाकडे न्या, एकाच दिशेने. मागे-पुढे घासलं की टोक गोल होतं, उतार होत नाही. उताराची लांबी ३ ते ४ मिमी हवी. टोक नखाच्या कडेइतकं पातळ करा, पण ब्लेडसारखं धारदार ठेवू नका. काठी वाकते तेव्हा तीच धार खालच्या ब्लँकमध्ये रुतते. टोकाचे दोन्ही कोपरेही मारून घ्या. चौकोनी कोपऱ्यावर दोरा हमखास अडतो.

आता गाईड उलटा करा. कानशीमुळे खालच्या बाजूला कड उलटलेली असते, बोटाला खरखर लागते. सपाट फरशीवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून पाय दोन-चार वेळा ओढला की ती जाते. मग ६०० नंबरने सगळीकडून हात फिरवा. शेवटची परीक्षा नखाची: गाईड ब्लँकवर ठेवा, ब्लँकवरून नख सरकवत पायावर चढवा. नख अडलं तर दोराही अडेल. महागड्या गाईडचे पाय बहुधा घासूनच येतात, फूजी कंपनीचे असोत की आणखी कुणाचे, तरी नख फिरवल्याशिवाय बांधू नका.

काळ्या रंगाचा लेप असलेल्या गाईडचा टोकावरचा रंग घासताना निघून जातो आणि खालचं पांढरं स्टील उघडं पडतं. फिक्या दोऱ्याखालून ते चमकतं आणि फट नसताना फट वाटते. न पुसल्या जाणाऱ्या काळ्या मार्करने टोक रंगवा, वाळू द्या, मग बांधा.

ग्राइंडरवर हे काम मिनिटात उरकणारे आहेत. त्यांचा हात बसलेला असतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. एवढंसं पातळ टोक क्षणात तापून निळं पडतं आणि उतार हवा त्यापेक्षा जास्त खाल्ला जातो.

आणखी एक गोष्ट सुटते, ती म्हणजे पाय ब्लँकवर सपाट बसतो की नाही. गाईड ठेवून मागून बॅटरीचा उजेड टाका. पायाच्या टोकाखालून उजेड दिसला तर टोक अधांतरी आहे. ते दोऱ्याने दाबून खाली जाईल अशी आशा ठेवू नका. पक्कडीने पाय अगदी थोडा वाकवून बसता करा. टाचेखालून, म्हणजे पायाच्या रिंगकडच्या बाजूखालून, उजेड दिसत असेल तर उलट दिशेने. दोन पायांच्या गाईडमध्ये दोन्ही पाय एका रेषेत हवेत, नाहीतर एक बाजू साफ आणि दुसरी फाटकी दिसते.

कोन आणि चढण

पाय नीट झाला की निम्म्याहून जास्त तक्रार मिटते. उरलेली कोनात असते.

बांधणी नेहमी बाहेरून आत, म्हणजे ब्लँकवरून सुरू करून पायावर चढत रिंगकडे न्यायची. दोरा काठीला अगदी काटकोनात येऊ देऊ नका. रीळ बांधून झालेल्या वेढ्यांच्या बाजूला किंचित सरकवलेलं असावं. मग नवा वेढा आपोआप जुन्याला टेकतो. रीळ पुढच्या बाजूला गेलं की दोरा पुढे पळतो आणि फट राहते. फार मागे नेलं तर वेढ्यावर वेढा चढतो. किती ते सांगता येत नाही, दोन-चार वेढ्यांत हाताला कळतं: दोरा शेजारच्याला टेकताना बारीकसा टक असा बसतो.

पायाच्या टोकापाशी पोचण्याआधी थांबा. मागचे वेढे अंगठ्याच्या नखाने मागे सरकवून घट्ट करा. मग चढणीचे तीन-चार वेढे हळू, ताण जरासा कमी करून, प्रत्येक वेढा नखाने मागच्याला लावत घाला. पुढे पायाच्या सपाटीवर आलात की नेहमीचा ताण चालू. हे चार वेढे ज्याला जमले त्याची बाकीची बांधणी आपोआप सरळ येते.

ताण किती?

बांधून झाल्यावर, इपॉक्सीच्या आधी, गाईडला अंगठ्याने जोर लावून ढकला. जोर लावल्यावर थोडा सरकला पाहिजे. मुळीच हलला नाही तर ताण जास्त आहे. नुसत्या स्पर्शाने हलला तर कमी. सगळे गाईड एका रेषेत आणायचे असतात तेही याच टप्प्यावर, त्यामुळे ही हालचाल हवीच. पकड शेवटी इपॉक्सी देते, दोऱ्याने गाईडला जागेवर धरून ठेवलं की पुरे. पातळ भिंतीच्या कार्बन ब्लँकवर अतिताणाने बांधलं तर पायाच्या कडा ब्लँकमध्ये रुततात, आणि वजनाचा मासा लागला की काठी नेमकी तिथून मोडते. नायलॉनचा दोरा तर ताणल्यावर पुन्हा आखडतो, त्यामुळे आवळणं वाढतच जातं.

ताण किती यापेक्षा तो एकसारखा आहे का, हे जास्त महत्त्वाचं. दोरा जाड पुस्तकात दाबून ओढायची पद्धत जुनी आहे, चालतेही, पण कागदाची धूळ दोऱ्याला लागते. त्यापेक्षा शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे जा आणि दोऱ्याचा ताण ठेवणारी जुनी चकती मागा. दोन चकत्या, मधे स्प्रिंग, वर पेच. लाकडाच्या ठोकळ्यावर बसवली की झालं. शेजारच्या टेलरमामांनाच विचारलंत तर ती कुठे मिळेल हे तेच सांगतील, आणि एवढ्याशा चकतीचं काय करणार म्हणून हसतीलही.

रिळाचं म्हणाल, तर दोरा त्याच्या बाजूने उलगडला पाहिजे, डोक्यावरून काढला तर प्रत्येक फेऱ्याला एक पीळ पडतो आणि पिळाचा दोरा वेढ्यात मान वर काढतो. मघाशी ठरावीक अंतराच्या फटींबद्दल म्हटलं, त्याचं मूळही रिळातच असतं. दोऱ्याचं टोक अडकवायला रिळाच्या काठाला एक चीर असते. रीळ फिरताना दोरा त्या चिरेत क्षणभर अडकतो, सुटतो, झटका बसतो आणि वेढा जागा सोडतो. काठावर कागदी टेपचा एक फेरा मारा. विषय संपला.

कोणता दोरा

गावाकडे हा दोरा दुकानात मिळत नाही, मागवावा लागतो, मग शिलाईचा दोरा वापरून बघायचा मोह होतो. शिलाईचा साधा पॉलिस्टर दोरा आखूड तंतू कातून केलेला असतो, त्यामुळे त्याला बारीक लव असते. कितीही सफाईने बांधा, इपॉक्सी लावल्यावर ती लव काट्यासारखी उभी राहते. पर्यायच हवा असेल तर मशीन एम्ब्रॉयडरीचा पॉलिस्टर दोरा घ्या. तो अखंड तंतूंचा असतो, लव नसते. पातळ काठीवर तो बरा दिसतो.

मुद्दाम याच कामासाठी केलेल्या दोऱ्यात ए बारीक, डी जाड, साधारण ०.२५ मिमी. ए नंबरचे एका मिलिमीटरमध्ये सहा-सात वेढे बसतात, डीचे चार. म्हणजे २५ मिमीच्या बांधणीला ए नंबरचे दीडशेच्या वर वेढे लागतात. जायकवाडीला कटल्यासाठी बांधलेल्या जाडजूड काठीच्या खालच्या गाईडला डी चालतो, लवकर उरकतो, आणि मजबूतही दिसतो. पण टोकाकडच्या बारीक गाईडला ए घ्या, कारण लहान पायावर जाड दोरा चढणीला अडतोच. शिकायचं असेल तर डीने सुरुवात करा असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. डीमधली फट डोळ्यात भरते, एमधली घोटल्यावर मिटते.

पैठण शेजारी असल्यामुळे असेल, इकडे शोभेसाठी जरीच्या दोऱ्याची पट्टी घालायची हौस फार. पट्टी जरूर घाला, पण जरीचा दोरा म्हणजे आत एक धागा आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली चपटी चमकदार पट्टी. ताण दिला की पट्टी उसवते आणि आतला धागा दिसतो, त्याला लोक फट समजतात. जरीला ताण अगदी कमी ठेवा, घोटू नका, आणि पायाच्या चढणीवर तर वापरूच नका. सपाट ब्लँकवर चार-सहा वेढ्यांची रेघ पुरते.

घोटणे, सुरुवात आणि शेवट

दर सहा-आठ वेढ्यांनी नखाने मागे सरकवा. बांधून झाल्यावर चमच्याची पाठ किंवा गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पेनाचं टोपण घेऊन काठी फिरवत सगळीकडून हलक्या हाताने घोटा. वेढे चपटतात, पसरतात आणि बारीक फटी मिटतात. दोऱ्याच्या जाडीपेक्षा मोठी फट घोटून जात नाही, तिथपर्यंत उकलणं हाच मार्ग. पायाच्या कडेवर मात्र जोर नको, तिथे दोरा कापला जातो.

सुरुवात करताना दोऱ्याच्या टोकावरून चार-पाच वेढे गेले की टोक पक्कं होतं, मग ते छाटायचं. शेवटी सात-आठ वेढे उरले असताना दोऱ्याचा फासा त्यांच्याखाली ठेवायचा, टोक त्यात घालून ओढून काढायचं. फासा झटक्याने ओढला की ते वेढे उचलले जातात आणि शेवटाला फटी पडतात. सावकाश, काठीला समांतर ओढा, मग पुन्हा घोटा. टोक कापायला पातं नवं कोरंच हवं. दाबून कापलंत तर खालचा वेढा तुटतो; दोरा ताणून धरा आणि पातं नुसतं टेकवा. उरलेली लव स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवरून काठी झरकन फिरवली की जळून जाते. दिवा पेटवण्याआधी स्पिरिटची बाटली दुसऱ्या खोलीत ठेवून या.

इपॉक्सीनंतर दिसणाऱ्या "फटी"

साधा नायलॉन दोरा इपॉक्सी पिऊन गडद आणि अर्धपारदर्शक होतो. खालचं ब्लँक, पायाची कड, सगळं दिसायला लागतं. ती फट नसते, तरी शंभर जणांना फटच वाटते. रंग टिकवणारा द्रव आधी लावा, किंवा रंग न बदलणारा दोराच मागवा. त्याच्या रिळावर एनसीपी असं लिहिलेलं असतं.

पायाच्या दोन्ही बाजूंना दोरा पायाच्या कडेवरून ब्लँककडे उतरतो तिथे त्रिकोणी पोकळी राहते. तिच्यातली हवा बुडबुडे होऊन वर येते. पहिला थर पातळ द्या, आणि पायाच्या उघड्या बाजूने ब्रशने इपॉक्सी त्या पोकळीत शिरू द्या. दोन्ही भाग बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, बहुतेक वेळा समान मापाने. थेंब मोजू नका, दोन वेगळ्या सिरिंज वापरा. औषधाच्या दुकानातल्या सिरिंजच्या रबरी दट्ट्याला सिलिकॉनचं वंगण असतं, त्याने थरात डोळ्यासारखे खड्डे पडतात. रबर नसलेल्या, नुसत्या प्लॅस्टिकच्या सिरिंज मिळतात त्या घ्या. डोक्याला लावलेलं खोबरेल हातावरून दोऱ्यावर आलं तरी तेच होतं. साबणाने हात धुऊन बसा.

आपल्याकडच्या हवेचा मुद्दा तर वेगळाच. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत इपॉक्सी बघता बघता घट्ट होतं, म्हणून पहाटे काम करा, थोडंच कालवा आणि कालवल्यावर लगेच ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पसरा. कपात ढीग राहिला की स्वतःच्याच उष्णतेने ते लवकर जमतं. पसरल्याने बुडबुडेही निघतात. डिसेंबरात परभणीच्या थंडीत उलट: ते मधासारखं जड होतं, बुडबुडे सुटत नाहीत, बाटल्या बंद करून आधी कोमट पाण्यात ठेवा. पावसाळ्यात दमट हवेने वर चिकट, दुधाळ साय येते. झड लागलेल्या दिवशी इपॉक्सीला हात लावूच नका.

थर सुकेपर्यंत काठी फिरत राहिली पाहिजे, नाहीतर इपॉक्सी खाली ओघळून एका बाजूला पोट येतं. मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी मोटर मिनिटाला पाच-सहा फेरे देते आणि स्वस्तात मिळते, आपल्या कामाला पुरते. लाइट गेली तर? पहिले दोन-तीन तास हाताने दर काही मिनिटांनी अर्धा फेरा द्या. ही तयारी ठेवूनच इपॉक्सी कालवा, कारण लाइट नेमकी तेव्हाच जाते.

पहिल्या थरावर उभी राहिलेली लव, थर सुकला की नव्या पात्याने तासून घ्या आणि मग दुसरा थर. दोन थर पातळ, एक जाड नको.

आधीच इपॉक्सी लावून झालेल्या काठीवर फट सापडली तर ती सजावटीपुरती आहे की पायाचं टोक उघडं आहे, ते बघा. नुसती दिसायला असेल तर सोडून द्या, मरळीला ती दिसत नाही. टोक उघडं असेल तर काढावंच लागेल, कारण तिथून पाणी शिरतं आणि गाईड सैल होतो. हेअर ड्रायरने इपॉक्सी कोमट करा, आणि पात्याची चीर पायाच्या स्टीलवरच द्या. ब्लँकवर पातं चालवलं की कार्बनचे तंतू कापले जातात आणि ती काठी कायमची कच्ची होते. स्टीलवर चीर पडली की कड नखाने उचला, दोऱ्यासकट सगळं सालीसारखं निघतं. उरलेलं ब्लँकवरचं इपॉक्सी पात्याने खरवडू नका, गरम करून लाकडी काडीने काढा, स्पिरिटने पुसा, आणि गाईड पुन्हा कानशीखाली घ्या.